जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा कुबट वास : कारण आणि निवारण

भीमजयंती असो, बुद्धपौर्णिमा असो वा धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, आपला कोणताही कार्यक्रम गाण्यावाचून पार पडत नाही. शाहीर भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशांपासून लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४), प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) आणि लोकशाहीर विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार घराघरात नेण्याचे काम गाण्याने केले. आधी ढोलकी, तुणतुणे, हलगी आणि पेटी होती. पुढे जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८० साली आपला पहिला 'कॅसिओटोन' कीबोर्ड काढला, १९८५ साली रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड आला, आणि काही वर्षांतच ही वाद्ये आपल्या गायन पार्ट्यांमध्येही दिसू लागली. 'कॅसिओ' हे तर आपल्याकडे कीबोर्डचेच नाव होऊन बसले.

ही वाद्ये नवी कोरी घेणे सर्वांनाच परवडते असे नाही. आपल्यासारख्या गावातील मंडळांकडे आणि विद्यार्थ्यांकडे येणारे वाद्य बहुधा वापरलेले असते. कोणी दान म्हणून देतो, कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा चोरबाजारातून आणतो, तर कोणी हल्ली मोबाईलवर जाहिरात पाहून घेतो. वाद्य वाजते, परंतु पिशवीची चेन उघडताच कुबट वास येतो. मुले नाक मुरडतात. दम्याची प्रकृती असलेले मूल खोकू लागते आणि त्याला मागे बसवले जाते. मग वाद्य कपाटावर चढते, एक-दोन पावसाळ्यांत त्याच्या पट्ट्या मुक्या होतात आणि शेवटी ते भंगारात जाते. ज्या मुलाच्या घरी दुसरे वाद्य येण्याचा संभव नाही, त्याचे शिकणे तेथेच थांबते. म्हणून हा विषय वरवर लहान वाटला तरी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

तथागतांनी आपल्याला एक दृष्टी दिली आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण नाहीसे केले की दुःख नाहीसे होते, आणि त्यासाठी मार्ग आहे. कुबट वासाचेही तसेच आहे. वासावर वास चढवणे हा उपाय नव्हे. वासाचे कारण शोधून ते काढणे हाच उपाय होय. प्रस्तुत लेखात आम्ही याच क्रमाने जाणार आहोत.

१) वास नेमका कशाचा?

सर्व वास एक नसतात. प्रथम नाकाने परीक्षा करावी.

ओल्या मातीसारखा, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखा वास बुरशीचा समजावा. आपल्या भागात हाच सर्वांत जास्त आढळतो.

बिडी-सिगारेटचा वास चिकट असतो. पांढऱ्या पट्ट्यांवर पिवळसर थर दिसतो आणि ओला कापूस फिरवला की तो तपकिरी होतो.

तिखट, नाकाला झोंबणारा वास उंदीर-झुरळांचा असू शकतो. वाद्य हलवून लेंड्या पडतात का ते पाहावे. पालघर जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात व हा रोग उंदराच्या मूत्रातून पसरतो. म्हणून अशा वाद्याला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये.

सुक्या मासळीसारखा किंवा जळकट वास मात्र सर्वांत महत्त्वाचा. तो आतील कपॅसिटर गळल्याचा किंवा वायर-प्लास्टिक तापल्याचा असू शकतो. असे वाद्य लगेच बंद करून प्लग काढावा आणि जाणत्या मेकॅनिककडे द्यावे. त्यावर घरगुती उपाय करत बसू नये.

बॅटरीचा कप्पाही उघडून पाहावा. विसरून राहिलेले सेल गळून पांढरी भुकटी साचलेली असते. बऱ्याचदा वासाचे मूळ तेथेच सापडते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपले नाक लवकर सरावते. पाच-दहा मिनिटे वाद्याजवळ बसले की वास जाणवेनासा होतो आणि काम झाले असे वाटते. म्हणून बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला वास घ्यायला सांगावे. तसेच वाद्य, पिशवी, अॅडॅप्टर आणि आवरणाचे कापड वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत एक रात्र बंद ठेवावे व सकाळी एकेक उघडून पाहावे. कित्येकदा वाद्य निर्दोष निघते आणि सगळा वास पिशवीच्या अस्तराचा असतो.

२) कुबटपणा कसा निर्माण होतो?

बुरशीचे सूक्ष्म कण हवेत सर्वत्र असतात. त्यांना वाढायला दोन गोष्टी पुरतात, ओल आणि खाद्य. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कापड, लाकूड, पुठ्ठा, चामडे आणि धूळ यांवर बुरशी धरू लागते. वाणगावला जुलै-ऑगस्टमध्ये बंद खोलीत ही आर्द्रता ऐंशीच्या पुढे जाणे नवलाचे नाही. समुद्रही जवळच आहे. खारी हवा धातूच्या भागांवर बसते आणि ते गंजतात.

येथे एक प्रश्न विद्यार्थी विचारतील. कीबोर्ड तर प्लास्टिकचा, मग बुरशी खाते काय? उत्तर असे की, ती प्लास्टिकवरची धूळ खाते. पट्ट्यांच्या फटींतून वर्षानुवर्षे धूळ, त्वचेचे कण, घाम व खाण्याचे कण आत जातात. शिवाय पट्ट्यांचा खटखट आवाज होऊ नये म्हणून आत फेल्टची म्हणजे जाड लोकरीसारख्या कापडाची पट्टी लावलेली असते. ती ओल धरून ठेवते. स्पीकरच्या पेटीत प्लायवूड, आतला कापूस आणि पुढचे जाळीचे कापड असते. तेथे तर खाद्य भरपूरच.

बुरशी आणि तिच्यासारखे सूक्ष्म जीव वाढताना काही वायू सोडतात. तोच कुबट वास. त्यातील एका द्रव्याचे नाव जिओस्मिन असे आहे. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो त्यातही हेच द्रव्य असते. माणसाचे नाक त्याला फार तीक्ष्ण आहे, अतिशय अल्प प्रमाणातही ते ओळखते. म्हणून थोडीशी बुरशी मागे राहिली तरी वास परत येतो.

३) काय करू नये?

अत्तर, सेंट, अगरबत्ती, कापूर यांनी वास जात नाही, झाकला जातो. अगरबत्तीच्या धुराचा चिकट थर वाद्यावर बसतो व त्यावर धूळ धरते.

डांबरगोळ्या पिशवीत टाकू नयेत. त्यांचा वास महिनोन्महिने निघत नाही आणि वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक खराब होते. शिवाय काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचा घटक जन्मतः कमी असतो. अशा मुलांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतील नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. मुलांनी वापरायच्या वाद्याजवळ ही वस्तू नकोच.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी प्लास्टिक विरघळते. ब्लीचिंगच्या पाण्याने धातू गंजतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

खाण्याचा सोडा वाद्यावर भुरभुरू नये. तो फटींतून आत जातो आणि पुढे काढता येत नाही.

भर उन्हात कीबोर्ड ठेवू नये. पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडतात, वाकतात. केस सुकवण्याच्या यंत्राची गरम हवाही मारू नये. सोण भिक्षूला तथागतांनी दिलेला वीणेचा दृष्टान्त आपणा सर्वांस ठाऊक आहे. तार फार ताणलेली नको आणि फार सैलही नको. वाद्य वाळवतानाही हाच मध्यम मार्ग धरावा.

४) साफसफाईची रीत

(अ) कोरडा दिवस निवडावा. प्लग व सेल काढावेत. नाका-तोंडावर चांगला मास्क बांधावा. काम अंगणात किंवा ओटीवर करावे, मुलांच्या झोपण्याच्या खोलीत करू नये.

(ब) पिशवी, आवरण व पट्टे प्रथम वेगळे करावेत. पिशवी झटकताना वाऱ्याची दिशा पाहावी. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंना अंथरूण-आसने झटकण्याचे नियम सांगितले आहेत. इतर भिक्षूंच्या जवळ झटकू नये, पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये, वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला झटकावे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजही तितकाच उपयोगी आहे. झटकल्यावर पिशवी कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन तीन-चार दिवस उन्हात उलटी-सुलटी वाळवावी. आतील स्पंज हाताला चुरा होऊन लागत असेल तर तो फेकून द्यावा. तो कितीही धुतला तरी सुधारत नाही.

(क) वाद्याची वरची धूळ रंगकामाच्या नव्या, मऊ ब्रशने काढावी व शक्य असल्यास व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीची ओल आत जाते. त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्यात फडके भिजवून ते घट्ट पिळावे व बाहेरचा भाग पुसावा. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसावा. पाणी फडक्यावर घ्यावे, वाद्यावर शिंपडू नये.

(ड) बुरशीचे डाग असतील तेथे सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसावे. आधी मागच्या बाजूला थोडे लावून पाहावे. डिस्प्लेच्या पारदर्शक काचेवर आणि छापील अक्षरांवर ते लावू नये, काच तडकते व अक्षरे पुसली जातात. हाताला लावायचे सॅनिटायझर वापरू नये, त्यातील चिकट द्रव्य मागे राहते.

(ई) बॅटरीच्या कप्प्यातील भुकटी हातमोजे घालून काढावी. अल्कलाइन सेल असतील तर कानकोरणीच्या कापसावर थेंबभर व्हिनेगर घेऊन पत्रे पुसावेत, मग किंचित पाण्याने आणि अखेर अल्कोहोलने पुसून कोरडे करावेत.

(फ) एवढे करूनही वास राहिला तर वाद्य उघडावे लागते. हे काम सवय असलेल्यानेच करावे. वॉरंटी असल्यास उघडू नये. उघडण्यापूर्वी मोबाईलने प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा. स्क्रू लहान-मोठे असतात, म्हणून कागदावर वाद्याची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा. पट्ट्या सुट्या होत असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण दिवस वाळवाव्यात. पट्ट्यांखालील रबरी पट्टीवर काळे कार्बनचे ठिपके असतात. ते घासू नयेत, कोरड्या मऊ फडक्याने हलकेच टिपावेत. त्यांच्याखालील सर्किटवरचे संपर्कबिंदू नव्याण्णव टक्के अल्कोहोलने पुसावेत. मुक्या झालेल्या पट्ट्या पुष्कळदा एवढ्यानेच बोलू लागतात. फेल्ट भिजवू नये, ब्रश व व्हॅक्यूमनेच स्वच्छ करावे.

(ग) ॲम्प्लिफायर मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते व जोराचा धक्का बसू शकतो. त्याची बाहेरील धूळ काढावी, बाकीचे काम मेकॅनिकचे. स्पीकरचे जाळीचे कापड निघत असेल तर धुवावे, पेटीतील बुरसटलेला कापूस बदलून घ्यावा आणि लाकडी पेटी सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. स्पीकरचा कागदी कोन ओला होऊ देऊ नये.

५) वाळवणे आणि वास शोषणे

चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील कसे वाळवतात ते आपण पाहतो. ते ढीग करून ठेवत नाहीत, बांबूच्या मांडवावर टांगतात, म्हणजे प्रत्येकाच्या भोवती वारा खेळतो. वाद्यालाही ऊन कमी आणि वारा जास्त हवा. टेबलावर दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवर वाद्य ठेवावे, म्हणजे खालूनही हवा लागते. पंखा सौम्य गतीवर दोन-तीन दिवस चालू ठेवावा. पूर्ण कोरडे झाल्याखेरीज वीज जोडू नये.

त्यानंतर राहिलेला वास शोषून घ्यावा. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात किंवा स्वच्छ कपाटात वाद्य ठेवावे. शेजारी एका पसरट वाटीत खाण्याचा सोडा किंवा कापडी पुरचुंडीत ॲक्टिव्हेटेड कोळसा ठेवावा. वाटी वाद्याला लागू नये व सांडू नये. आठवडाभराने पाहावे, वास असल्यास सोडा व कोळसा बदलून पुन्हा ठेवावे. घाई करू नये. बिडीचा वास जायला महिनाही लागतो. सिलिका जेलच्या पुड्या ओल शोषतात, वास शोषत नाहीत, हा फरक ध्यानात ठेवावा. दोन्हींचे काम वेगळे आहे.

हल्ली वास घालवण्यासाठी ओझोन वायू सोडणारी यंत्रेही मिळतात. ओझोनने काही प्रकारचे रबर चिरते. म्हणून हा उपाय वाद्यांसाठी योग्य नव्हे. बंद खोलीत माणसांच्या फुफ्फुसांनाही तो अपायकारक आहे.

६) वास परत येऊ नये म्हणून

वाद्य एकदा स्वच्छ केले आणि पुन्हा त्याच दमट कोपऱ्यात ठेवले तर पुढच्या श्रावणात वास हजर. कारण शिल्लक राहिले की कार्यही घडते.

आपल्याकडे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, गाण्याचे कार्यक्रम कमी होतात आणि वाद्ये बंद पडून राहतात. नेमके हेच महिने ओलीचे. तेव्हा वाचनासाठी जमल्यावर आठवड्यातून दोनदा अर्धा तास कीबोर्ड व ॲम्प्लिफायर चालू करून मुलांना सराव करू द्यावा. आतील उष्णतेने ओल हटते आणि मुलांचा हातही तयार राहतो. वादळी पाऊस, विजांचा कडकडाट असेल तर मात्र प्लग काढून ठेवावा.

वाद्य जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. सेल काढून ठेवावेत. पूर्वी कपाटात चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवत. आताचे एलईडी दिवे पुरेशी उष्णता देत नाहीत, त्यामुळे त्यांचा या कामी उपयोग नाही. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दर पंधरवड्याला तपासाव्यात. आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र काहीशे रुपयांत मिळते. त्यावरील आकडा साठच्या आत राहील असे पाहावे, सत्तरच्या वर गेला की वाद्य बाहेर काढून पंख्याखाली ठेवावे.

विनयातील त्याच प्रकरणात विहार स्वच्छ करण्याची रीत दिली आहे. सामान बाहेर काढावे, जाळी-जळमटे काढावीत, बिछायत उन्हात टाकून झटकून पुन्हा जशीच्या तशी लावावी. थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघड्या व रात्री बंद, उन्हाळ्यात दिवसा बंद व रात्री उघड्या ठेवाव्यात. ज्या दिशेने धुळीचा वारा येतो त्या बाजूची खिडकी लावावी. संघाची वस्तू सर्वांची असते, म्हणून तिची काळजी प्रत्येकाने घ्यायची, ही त्यामागील भावना. आपणही ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, सर्व वाद्ये व पिशव्या बाहेर काढून तपासण्याचा वार्षिक रिवाज पाडावा. वाद्य कोणी नेले, कधी परत आणले, कधी वाळवले याची एक साधी नोंदवही असावी. जी वस्तू सर्वांची असते, तिची नोंद नसेल तर ती कोणाचीच राहत नाही.

७) जुने वाद्य घेताना

पिशवीतून काढताक्षणी वास घ्यावा. अर्धा तास चालू ठेवून पुन्हा वास घ्यावा, कारण तापल्यावर दडलेला वास बाहेर येतो. प्रत्येक पट्टी वाजवून पाहावी. बॅटरीचा कप्पा उघडून पाहावा. स्क्रूंवर गंज असेल किंवा खालच्या बाजूला पाण्याच्या रेषा असतील तर वाद्य पुरात वा गळतीत भिजलेले असू शकते. असे वाद्य स्वस्त असले तरी टाळावे. केवळ कुबट वास असेल आणि बाकी सर्व ठीक असेल तर मात्र घाबरू नये. वासामुळे किंमत कमी करून मागावी आणि वर सांगितलेल्या रीतीने ते स्वच्छ करावे.

विद्यार्थी मित्रांनो, या कामाला फार पैसा लागत नाही. मऊ ब्रश, फडकी, थोडे अल्कोहोल, सोडा, कोळसा आणि आठ-पंधरा दिवसांचा धीर एवढेच लागते. ज्याला आपण भंगार म्हणून टाकणार होतो त्याच वाद्यावर येत्या १४ एप्रिलला एखादा मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा साथ करील. कपाटावर चढलेले वाद्य येत्या रविवारी खाली काढा, पिशवी उघडा आणि प्रथम वास कशाचा आहे ते ओळखा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बुरशी प्लास्टिकच्या वाद्यात कशावर वाढते?
२. सिलिका जेल आणि ॲक्टिव्हेटेड कोळसा यांच्या कामात फरक कोणता?
३. कोणता वास आल्यास वाद्य लगेच बंद करावे व का?
४. अत्तराने वास का जात नाही? कार्यकारणाच्या दृष्टीने चार वाक्यांत सांगा.
५. आपल्या विहारातील वाद्यांची यादी करून प्रत्येकाची साठवण कोठे आहे ते लिहा व त्यात कोणती सुधारणा करता येईल ते सुचवा.

जयभीम! नमो बुद्धाय!